संगीत नाटक बघायला पुण्याला जाताना

मुलीला गाण्याचं वेड असेल तर आपण तिला भजनी मंडळात बसवतो, शाळेच्या गॅदरिंगला उभी करतो. पण तिला नाटकातल्या गाण्याचं वेड असेल तर? आमच्या गटातल्या एका ताईंच्या मुलीचं असं झालं आहे. पोरगी यंदा दहावी झाली. सिनेमाची गाणी सोडून मोबाइलवर नाट्यपदं ऐकते आणि तानेसकट म्हणते. तिने खरं संगीत नाटक अजून पाहिलेलं नाही. तिला पुण्याला नेऊन ते दाखवायचं असं आम्ही ठरवलं. त्याची तयारी करता करता आम्हीच बरंच वाचलं, जाणत्या माणसांना विचारलं. ते सगळं आज तुम्हाला सांगणार आहोत.

पहिली गोष्ट म्हणजे आधी एसटी ठरवू नका, आधी प्रयोग शोधा. विनोदी नाटकं दर शनिवार-रविवारी लागतात, संगीत नाटकाचं तसं नाही. महिन्यात एखादा प्रयोग लागतो, कधी तोही नाही. पेपरातली नाटकाची जाहिरात बघायची, नाट्यगृहात फोन करून विचारायचं आणि मग तारीख धरायची. आम्हाला 'सौभद्र' किंवा 'शाकुंतल' मिळालं तर हवंय. 'कट्यार काळजात घुसली' मिळालं तरी चालेल. ते १९६७ सालचं, त्या मानाने नवं.

दुसरी गोष्ट, पुण्याच्या आधी सांगली. आमचा जिल्हा सांगली, म्हणून हे अभिमानाने सांगतो. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी सांगलीच्या राजेसाहेबांच्या, म्हणजे चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने 'सीतास्वयंवर' हे नाटक केलं. मराठी नाटकाची सुरुवात तिथून धरतात. दर वर्षी ५ नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन असतो तो त्याचाच. सांगलीत भाव्यांच्या नावाचं नाट्यमंदिर आहे. बाजारहाटाला आपण दहा वेळा सांगलीला जातो, पण ते आतून पाहिलेल्या बाया आमच्या गटात दोनच निघाल्या. आधी आमच्या मनात कोल्हापूरही होतं. तिथलं केशवराव भोसले नाट्यगृह शाहू महाराजांनी बांधवून घेतलं होतं. ते २०२४ च्या ऑगस्टमध्ये आगीत सापडलं. ती बातमी ऐकून नाटक न बघणाऱ्या माणसांनाही वाईट वाटलं होतं.

आता खरी अडचण सांगतो. पैशाची नव्हती ती. मुलीची आजी म्हणाली, "बघायला न्या, पण उद्या ती नाटकात जाते म्हणाली तर? आपल्यात बाई नाटकात जात नाही." बैठकीत कुणी हसलं नाही, कारण आमच्यातल्या निम्म्या जणींच्या मनात तेच होतं. मग आम्ही शोध घेतला, की बाई नाटकात जात नाही हे आलं कुठून.

बघा हं. ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात आनंदोद्भव नाटकगृहात अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी 'संगीत शाकुंतल' रंगमंचावर आणलं. अण्णासाहेब मूळ बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. कालिदासाचं संस्कृत नाटक त्यांनी मराठीत केलं, आणि पात्रं बोलता बोलता गायला लागतील असं केलं. भाव्यांच्या नाटकात गाणं होतं, पण गायचा तो सूत्रधार. इथे शकुंतला स्वतः गायला लागली. लोकांना ते फार आवडलं. दोनच वर्षांत 'सौभद्र' आलं. त्यात अर्जुन, सुभद्रा आणि सगळ्यांना खेळवणारा कृष्ण आहे. बहिणीचं लग्न तिच्या मनाविरुद्ध ठरतंय आणि कृष्ण ते युक्तीने मोडतो, अशी ती गोष्ट. दीडशे वर्षं होत आली तरी अजून चालते, यात आम्हाला नवल वाटत नाही.

पण त्या पहिल्या प्रयोगात शकुंतला कोण होतं? शंकरराव मुजुमदार. पुढे भाऊराव कोल्हटकर आले. शकुंतला, सुभद्रा ही सगळी कामं पुरुषांची. चांगल्या घरची बाई नाटकात काम करणं सोडाच, नाटक बघायला गेली तरी लोक बोलायचे.

मग आले नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व. हे नाव त्यांना लोकमान्य टिळकांनी दिलं असं सांगतात. १९०५ मध्ये ते किर्लोस्कर मंडळीत गेले आणि १९१३ मध्ये 'गंधर्व नाटक मंडळी' निघाली. त्यांची भामिनी, रुक्मिणी, सिंधू बघायला माणसं लांबून लांबून येत. बायकाही येऊ लागल्या. शालू कसा नेसायचा, अंबाडा कसा घालायचा, गजरा कुठे माळायचा हे शहरातल्या बायका त्यांच्याकडे बघून शिकल्या. आमच्या एका ताई म्हणाल्या, "म्हणजे बाईने कसं दिसावं हे पुरुषाने नेसून दाखवलं, आणि बाईने तिकीट काढून बघितलं!" आम्ही खूप हसलो. पण बालगंधर्वांचं मोठेपण खोटं नाही. जुन्या रेकॉर्ड आजही ऐकायला मिळतात. ऐकलं की कळतं, हा गळा वेगळाच होता.

त्यांची एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. १२ मार्च १९११ ला 'मानापमान' नाटकाचा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी वारली. तरी त्यांनी प्रयोग बंद ठेवला नाही, तोंडाला रंग लावला आणि भामिनी उभी केली. ही गोष्ट कलेवरच्या निष्ठेची म्हणून सांगतात आणि तशी ती आहेच. आम्हाला मात्र ती वाचताना लक्ष्मीबाई आठवल्या, त्या मुलीची आई. तिला त्या रात्री काही उभं करायचं नव्हतं.

आता बायकांकडे येऊ. बायका नाटकात नव्हत्याच असं नाही, हे आम्हाला आधी माहीत नव्हतं. त्या काळात फक्त बायकांच्या नाटक मंडळ्याही होत्या. त्यात राजाचं, राक्षसाचं कामसुद्धा बाईच करायची. पण या बहुतेक कलावंतिणींच्या घरातल्या. गाणं त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होतं. गावात त्यांचं गाणं सगळ्यांना हवं असायचं, आणि घराच्या उंबऱ्याच्या आत त्या कुणाला नको असायच्या. आजीच्या तोंडचं "आपल्यात" आलं ते इथून. नाटक वाईट म्हणून बाई त्यात जात नव्हती असं नाही. ज्या बायका त्यात होत्या त्यांनाच समाजाने वाईट ठरवलं होतं.

त्यातल्याच हिराबाई पेडणेकर. मूळच्या सावंतवाडीकडच्या, राहिल्या मुंबईत. त्या गात होत्या, पदं रचत होत्या आणि त्यांनी स्वतः नाटकं लिहिली. त्यांचं 'संगीत दामिनी' केशवराव भोसल्यांच्या 'ललितकलादर्श' मंडळीने रंगमंचावर आणलं. बाईने लिहिलेलं नाटक नावाजलेल्या मंडळीने करावं ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. पण त्यांचं नाव आम्ही शाळेत किंवा कॉलेजात ऐकलं नाही. आमच्यातल्या दोघी मराठी विषय घेऊन बीए झाल्या आहेत, तरीसुद्धा.

दुसऱ्या हिराबाई म्हणजे मिरजेत जन्मलेल्या हिराबाई बडोदेकर. वडील उस्ताद अब्दुल करीम खाँ, आई ताराबाई माने. आई-वडील वेगळे झाले आणि ताराबाईंनी पोरं एकटीने वाढवली. १९२९ च्या सुमारास या घराने नाटक कंपनी काढली. त्यात हिराबाई, त्यांच्या बहिणी आणि पुरुष नट एकाच रंगमंचावर. सुभद्रेचं काम बाई करते आहे, तेही मर्यादेने आणि सुरात, हे लोकांनी बघितलं. कंपनी तोट्यात गेली, डोक्यावर कर्ज झालं. ते हिराबाईंनी गाण्याच्या मैफली करून फेडलं. गटातल्या बायकांना हे वेगळं समजावून सांगायला नको. तिकीट लावून, लोकांसमोर ताठ बसून बाईने गावं ही रीतही हिराबाईंनीच घालून दिली असं जाणकार मानतात.

१ जुलै १९३३ ला मुंबईत 'नाट्यमन्वंतर' या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक केलं. त्यात बायकांची कामं बायकांनी केली. ज्योत्स्ना भोळे त्यात होत्या, गोव्यातल्या बांदिवड्याच्या. संगीत त्यांचे यजमान केशवराव भोळे यांचं. पुढे १९४२ मध्ये 'कुलवधू' आलं आणि ज्योत्स्नाबाईंची गाणी घरोघरी पोचली. नवरा संगीत देतोय आणि बायको गातेय, हे बघून बऱ्याच घरांची भीड चेपली असेल असं आम्हाला वाटतं. आणि जयमालाबाई शिलेदार. त्यांनी आणि जयराम शिलेदारांनी १९४९ मध्ये पुण्यात 'मराठी रंगभूमी' ही संस्था काढली. सिनेमा आल्यावर नाटक मंडळ्या एकेक करून बंद पडल्या होत्या, अशा वेळी यांनी जुनी संगीत नाटकं गावोगाव नेली. त्यांच्या कीर्ती आणि लता या दोन्ही मुली रंगमंचावर वाढल्या. २०१३ मध्ये जयमालाबाईंना पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये कीर्तीताई मुंबईच्या नाट्यसंमेलनाच्या अध्यक्ष झाल्या. आता मायलेकी दोघीही नाहीत.

हे सगळं आम्ही आजींना दोन-तीन बैठकांत सांगितलं. त्या ऐकून घेत होत्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, "मग मीही येते." त्यांचं वय पंच्याहत्तरच्या पुढे असल्याने त्यांना एसटी फुकट आणि मायलेकींना अर्धं तिकीट. गटाच्या कर्जातून सहलीला पैसे द्यायचे नाहीत हा आमचा नियम आहे, तो मोडला नाही. आईने चार महिने शेवयांच्या ऑर्डरीतले थोडे थोडे पैसे बाजूला ठेवले. मुक्काम पुण्यात मावशीकडे.

मार्ग असा ठरवला आहे. स्वारगेटला उतरायचं. तिथून मेट्रो आहे, जमिनीखालून जाते. जिल्हा न्यायालयाला उतरून वनाझकडे जाणारी दुसरी मेट्रो पकडायची आणि छत्रपती संभाजी उद्यानाला उतरायचं. तिथून बालगंधर्व रंगमंदिर पायी जाण्यासारखं आहे. या इमारतीचं भूमिपूजन १९६२ मध्ये खुद्द बालगंधर्वांच्या हातून झालं. उद्घाटन २६ जून १९६८ ला, म्हणजे त्यांच्या जन्मदिवशी झालं, पण तोवर ते गेले होते. सदाशिव पेठेत भरत नाट्य मंदिर आहे. ती संस्था १८९४ पासूनची, आणि तिथे संगीत नाटकं अजून होतात. प्रयोग मिळेल तिथे बसायचं. तिकीट बाल्कनीचं घेतलं तरी गाणं नीट ऐकू येतं, पण आजींना जिने चढवत नाहीत म्हणून खालचं घ्यायचं. वेळ उरला तर राजा केळकर संग्रहालयात जुनी वाद्यं बघायची.

प्रयोगाला अर्धा तास आधी पोचा. तिसरी घंटा झाली की अंधार होतो आणि मग जागा शोधताना सगळ्यांच्या पायांवर पाय पडतात. गोष्ट आधी सांगून ठेवा, म्हणजे पद लांबलं तरी मूल कंटाळत नाही. पूर्वी हे नाटक रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालायचं, आता तीन तासांत बसवतात. रंगमंचासमोर किंवा कडेला ऑर्गन आणि तबला असतो. ऑर्गन म्हणजे पायाने भाता मारायची पेटी. तिच्याकडे लक्ष द्यायला मुलीला सांगितलं आहे, कारण घरी मोबाइलवर ऐकताना गाणारा तेवढा कळतो, साथ करणारा कळत नाही. प्रयोग संपल्यावर आत जाऊन कलाकारांना भेटता येतं. घाबरू नका, बरीच माणसं जातात.

आम्ही शुक्रवारीच निघायचं म्हणतोय, त्याचं कारण वेगळं आहे. पुणे विद्यापीठात ललित कला केंद्र आहे. तिथे बारावीनंतर नाटक, गाणं आणि नाच यांचं पदवीपर्यंतचं शिक्षण मिळतं. शनिवार-रविवारी ऑफिस बंद असलं तर फेरी फुकट जाईल. मुलगी सध्या तालुक्याला गाण्याच्या क्लासला जाते आणि गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा देते आहे, त्याचा तिथे उपयोग होतो का हे विचारायचं आहे. बाकीचे प्रश्न तिच्या आईने वहीत लिहून घेतले आहेत. फी किती, मुलींचं वसतिगृह आहे का, आणि इथून शिकून गेलेल्या मुली पुढे पोट कशावर भरतात.