एका प्रकाशबिंदूतील दोन तारे

गोड्या मसाल्यातील दगडफूल आपल्या परिचयाचे आहे. ते दिसते एक. पण त्यात बुरशी आणि शैवल असे दोन जीव एकत्र नांदत असतात. जीवशास्त्र यालाच सहजीवन म्हणते. हा शब्द आकाशातील ताऱ्यांपर्यंत कसा पोहोचला, ती हकीकत ऐकण्यासारखी आहे.

१९३२ साली अमेरिकेतील माउंट विल्सन वेधशाळेचे पॉल मेरिल आणि मिल्टन ह्यूमेसन यांनी तीन विलक्षण ताऱ्यांचे वर्णपट प्रसिद्ध केले. त्यांत टिटॅनियम ऑक्साइडचे पट्टे होते; हे संयुग प्रखर उष्णतेत टिकत नाही. शेजारीच आयनीभूत हेलियमची तेजस्वी रेषा होती. ती प्रखर उष्णतेवाचून उमटत नाही. एका म्यानात दोन तलवारी राहाव्यात कशा? तारा एकच असून त्याभोवती अतितप्त आवरण असावे, असे काहींचे मत. तारे दोन असावेत, असे इतरांचे. मेरिल यांनी पुढे अशा ताऱ्यांना ‘सहजीवी’ म्हटले. तथापि दुर्बिणीत ठिपका एकच दिसत असल्याने वाद मिटला नाही.

तो मिटवला अदृश्य किरणांनी. १९७८ साली अवकाशात गेलेल्या जंबुपार दुर्बिणीने तप्त जोडीदाराचा प्रकाश टिपला. एक तांबडा राक्षसी तारा, सुमारे तीन हजार अंश तापमानाचा. दुसरा बहुधा श्वेत खुजा, लाख अंशांच्या घरातला. राक्षसी ताऱ्यातून संथ, दाट वारा वाहतो. खुज्याचे जंबुपार किरण त्यातील अणूंचे इलेक्ट्रॉन हिरावून घेतात आणि वर्णपटात तेजस्वी रेषा उमटतात.

पूर्वाभाद्रपदा नक्षत्र ज्यात आहे, त्या महाश्व समूहातील ‘एजी पेगासी’ हा असाच तारा. १८५० च्या सुमारास तो उजळला आणि पुढे शतकाहून अधिक काळ मंदावत गेला. त्या काळात त्याचा खुजाही सेकंदाला सुमारे हजार किलोमीटर वेगाने वारा सोडीत होता. दोन वारे आदळले की वायू लक्षावधी अंश तापून क्ष-किरण निघतात. १९९० साली सोडलेल्या रोसॅट उपग्रहाने ते टिपले. २०१५ साली हा तारा पुन्हा उजळला.

विसंगत पुराव्यांपैकी सोयीचा तेवढा ठेवून दुसरा पुसणे सोपे असते. मेरिल यांनी दोन्ही जपून ठेवले. म्हणूनच पुढच्या पिढ्यांना एका ठिपक्यातील दोन तारे ओळखता आले.