तळटीप : ‘कल्याणनंतर निम्मी गाडी’

* हे पत्र लखनौच्या तेलीबागेत वाढलेल्या भाच्याला लिहिलेले आहे. तिथल्या विमानतळ ते मुन्शीपुलिया या मेट्रोमार्गाला (2019) फाटा नाही. तेव्हा मामांचा त्रागा त्याला कितपत कळला असेल, शंकाच आहे. मुंबईची मध्य रेल्वे कल्याणला दुभंगते : एक वाट कसाऱ्याला, दुसरी कर्जत-खोपोलीला. कल्याणपर्यंत दर पाच मिनिटांनी लोकल आली आणि आळीपाळीने वाटली, तरी पुढे प्रत्येक फाट्यावर दहा मिनिटांचे अंतर पडते. त्यात वाटणी सारखी नसतेच. अंबरनाथ-बदलापूरची गर्दी दांडगी, म्हणून काही गाड्या तिथूनच परत फिरतात. दुसऱ्या बाजूला टिटवाळ्याहून. कसाऱ्याच्या वाट्याला त्यामानाने थोड्या, शिवाय नाशिककडच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांनाही तेच रूळ. परतीच्या वाटेवर तर आणखी गंमत : एका फाट्यावरची लोकल उशिरा आली की दुसरीकडून वेळेवर आलेली कल्याणबाहेर सिग्नलला ताटकळते. फाट्यांपुरत्या वेगळ्या गाड्या चालवून सर्वांना कल्याणला उतरवणे कागदावर सोपे आहे. पण मिळालेली खिडकी सोडून पूल चढायला कोण तयार होईल? मामा तर नक्कीच नाहीत. — संपा.