ओतशाळेत संगणक आला, पण कुठल्या दारानं?

आजचा विषय कळल्यावर दोघातिघांनी फोन करून विचारलं, हा इतिहास आहे की विक्रीचं शास्त्र? खरं सांगायचं तर दोन्ही आहे. फौंड्री उद्योगाला व्यवसायाचं सॉफ्टवेअर विकायचं आणि ते वापरायला माणसं शिकवायची, ही खटपट आपल्याकडे गेली तीन-चार दशकं चालू आहे. तिचा इतिहास कुणी नीट लिहिलेला नाही, कारण विकणारे पुढच्या गिऱ्हाइकाकडे गेले आणि विकत घेणारे भट्टीपाशी परत गेले. मी त्यातली काही वर्षं शिकवणाऱ्यांच्या बाजूला होतो. त्यामुळे मधूनमधून माझा पक्षपात दिसेल, तो सोडून द्या.

आधी काम काय आहे ते पाहू. आपण ज्याला बीड म्हणतो ते साधारण 1150 ते 1200 अंशांच्या आसपास वितळतं आणि 1400 अंशांच्या आसपास ओततात. वाळूचा साचा बंद असतो. धातू आत गेला की पुढं काय चाललंय ते दिसत नाही. निवताना धातू आकसतो, म्हणून जाड भागाला शेवटपर्यंत धातू पुरवायला वर एक साठा ठेवावा लागतो, त्याला रायझर म्हणतात. तो कुठं ठेवायचा, केवढा ठेवायचा, धातू कुठल्या वाटेनं आत न्यायचा, वाळूत ओल किती हवी, हे सगळं मोल्डरच्या हातात आणि डोक्यात असायचं. वाळू मुठीत दाबून मोडून बघायची आणि सांगायचं, "आज पाणी जास्त झालंय." आणि चूक कधी कळणार? साचा फोडल्यावर कळली तर नशीब. बरेचदा ती गिऱ्हाइकाच्या मशीनवर, वरचा थर सोलून निघाल्यावर, आतलं छिद्र उघडं पडतं तेव्हा कळते. तोपर्यंत त्याच साच्याचे पाचशे नग गेलेले असतात.

म्हणजे या धंद्यातलं ज्ञान झाकलेलं असतं आणि चूकही. संगणक विकायला आलेल्या प्रत्येकाला या दोन गोष्टींशी झुंजावं लागलं.

आता थोडं मागं जाऊ. शिकवल्याशिवाय विकता येत नाही, हा धडा महाराष्ट्रातल्या ओतकामाला फार जुना आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये औंध संस्थानात कुंडलच्या माळावर कारखाना मांडला. त्यांचा माल म्हणजे बिडाचा नांगर. लोखंडी नांगरानं जमीन नासते असा शेतकऱ्यांचा समज होता. नांगर चांगला आहे एवढं सांगून भागत नव्हतं, तो कसा धरायचा आणि फाळ कधी बदलायचा हेही सांगावं लागत होतं. 1920 मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढलं. पुढं ते मराठीतलं मोठं मासिक झालं हे आपल्याला माहीत आहे, पण सुरुवात कारखाना आणि त्याचं गिऱ्हाईक यांच्यातल्या संवादाची होती. आजच्या भाषेत त्याला कंपनीचं न्यूजलेटर म्हणतील. फरक एवढाच, की ते लोक वाचायचे.

कोल्हापूरची गोष्ट निराळ्या वाटेनं गेली. ऊस, गूळ, विहिरी आणि नदीवरचे पंप, त्यांना लागणारी ऑइल इंजिनं. इंजिनं दुरुस्त करता करता मिस्त्री लोक सुटे भाग ओतायला लागले आणि मग अख्खं इंजिनच करायला लागले. शिवाजी उद्यमनगर त्यातून उभं राहिलं. पुढं शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत फौंड्र्या गेल्या. गिऱ्हाईक बदललं. आधी शेतकऱ्याचं इंजिन होतं, मग ट्रक, ट्रॅक्टर, पंप आणि व्हॉल्व्हचे मोठे कारखाने आले. शेतकरी इंजिन घेताना कागद मागत नव्हता. मोठा कारखाना मागायला लागला. कुठल्या दिवशी, कुठल्या हीटमधून, कुठल्या रसायनाचा धातू ओतला, ते लिहून द्या म्हणाला. नव्वदच्या दशकात आयएसओचं प्रमाणपत्र आलं तशी फायलींची कपाटं वाढली.

शिक्षणाची व्यवस्था नव्हती असं नाही. इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन फौंड्रीमेन ही संस्था 1950 सालची, तिची कोल्हापूरला शाखाही आहे. रांचीला फौंड्री आणि फोर्जिंगची राष्ट्रीय संस्था 1966 मध्ये निघाली. पण तिथून शिकून येणारा साहेब होऊन यायचा. मोल्डर मात्र मिस्त्रीच्या हाताखाली, शिव्या खात, बघून बघून शिकायचा. या दोन शाळांची एकमेकींशी गाठ फारशी पडली नाही. ही दरी लक्षात ठेवा, शेवटी तिथंच यायचं आहे.

आता संगणकाकडे वळू. फौंड्रीत तो पहिल्यांदा कुठं बसला? भट्टीपाशी नव्हे, ऑफिसात, दिवाणजींच्या टेबलावर. कारण होतं अबकारी खातं. रोज किती माल तयार झाला, किती गेला, किती शिल्लक, याचं आरजी-1 नावाचं रजिस्टर ठेवावं लागायचं. 1986 मध्ये मॉडव्हॅट आला, म्हणजे कच्च्या मालावर भरलेल्या कराची वजावट, तशी त्याचीही रजिस्टरं आली. त्याच सुमाराला बंगळूरहून टॅलीचा जन्म झाला. पुढं 2005 मध्ये महाराष्ट्रात व्हॅट, 2017 च्या 1 जुलैला जीएसटी. हिशेबाचं सॉफ्टवेअर विकणाऱ्याला मालकाला पटवायला फार बोलावं लागत नव्हतं, सरकारच त्याच्या वतीनं बोलत होतं. शिकणारा माणूसही ठरलेला होता. वही ठेवणारा दिवाणजी कळफलक शिकला किंवा त्याच्या जागी बीकॉम झालेली मुलगी आली. काम तेच, फक्त वही बदलली.

यातून मालकांचा एक समज मात्र पक्का झाला, की संगणक म्हणजे ऑफिस. शॉपवर त्याचं काय काम?

दुसरं दार उघडलं ते सिम्युलेशननं. त्यामागचं शास्त्र जुनं आहे. ओतलेला तुकडा निवायला किती वेळ घेईल ते त्याचं आकारमान आणि पृष्ठभाग यांच्या गुणोत्तराच्या वर्गावर ठरतं, हा नियम ख्वोरिनोव्ह या अभियंत्यानं 1940 मध्ये मांडला. 1965 मध्ये अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमधल्या हेन्झेल आणि केवेरियन यांनी पोलादाचे ओतीव भाग संगणकावर निववून दाखवले आणि प्रत्यक्ष मोजमापाशी ताडून पाहिले. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी जर्मनीत आखेनहून मॅग्मा बाजारात आलं. आपल्याकडे प्रा. बी. रवी यांनी ऑटोकास्ट घडवलं, ते आयआयटी मुंबईत वाढलं. त्यांचं संगणकाच्या मदतीनं ओतकाम करण्यावरचं पुस्तक 2005 चं आहे. आणि मला सर्वांत मोलाची वाटते ती त्यांनी उभी केलेली ई-फौंड्री, म्हणजे इंटरनेटवर फुकट शिकता येईल असा ओतकामाचा अभ्यास. छोट्या फौंड्रीच्या इंजिनिअरला सुट्टी काढून रांचीला कोण पाठवणार होतं?

हे सॉफ्टवेअर विकायची रीत गमतीची होती. विक्रेता यायचा आणि म्हणायचा, तुमचा सगळ्यात वाईट जॉब द्या, ज्यात रिजेक्शन थांबत नाही तो. आठवड्यानं परत येऊन पडद्यावर रंगीत चित्र दाखवायचा. निळा भाग आधी निवणार, लाल शेवटी, आणि लाल ठिपका बरोबर तिथं, जिथं मालकानं कितीदा तुकडा कापून छिद्र पाहिलेलं असायचं. मालक खुर्चीत पुढं सरकून बसायचा. चेक फाटायचा.

सहा महिन्यांनी जाऊन बघावं तर मशीनवर कापडी झाकण. शिकवलेला मुलगा पुण्याला नोकरीला गेलेला. दुसऱ्याला येतं, पण जॉबचं थ्री-डी मॉडेल नाही, लाकडी पॅटर्न तेवढा आहे. आणि तो पॅटर्न गेल्या दहा वर्षांत चार ठिकाणी तासून, दोन ठिकाणी पट्टी मारून बदललेला, ड्रॉइंगला त्याचा पत्ता नाही. सॉफ्टवेअर खोटं बोलत नव्हतं, त्याला सांगितलेलं खोटं होतं. प्रशिक्षणात बटणं शिकवली होती, पॅटर्न मोजायला कुणी शिकवलं नव्हतं. इथं आमच्याही लोकांची चूक होती, मी नाकारत नाही. दोन दिवसांचं ट्रेनिंग परवान्याबरोबर फुकट, असं आम्हीच लिहून द्यायचो, आणि फुकट मिळालेल्या गोष्टीला जेवढी किंमत असते तेवढीच त्याला मिळायची.

तिसरं दार ईआरपीचं. ऑर्डर, खरेदी, उत्पादन, माल रवाना करणं, सगळं एका जागी. मोठ्या कारखान्यांत ते आलं आणि पुरवठादार म्हणून फौंड्र्यांवर दबाव आला. पण साधारण ईआरपी बनवणाऱ्याच्या डोक्यात जोडणीचा कारखाना असतो, चार सुटे भाग घ्या आणि एक वस्तू करा. फौंड्रीत उलटं आहे. समजा भट्टीत 1000 किलो धातू वितळवला. त्यातले 600 किलो ओतीव नग झाले, 350 किलो रनर-रायझर आणि 50 किलो सांडलं, जळलं, मळीत गेलं. त्या 600 मधले 30 किलो नग खराब निघाले. विकायला उरले 570. राहिलेले 380 किलो परत भट्टीत. म्हणजे कालचा भंगार आजचा कच्चा माल, आणि त्यावर वीज दोनदा खर्च. हा फिरता धातू हिशेबात कुठं लिहायचा? साध्या सॉफ्टवेअरला वाटायचं तो चोरीला गेला. शिवाय धातूची खरेदी किलोवर, विक्री कधी नगावर तर कधी किलोवर, आणि एका लॅडलमधून पाच वेगवेगळे जॉब ओतलेले. फौंड्रीसाठी वेगळं सॉफ्टवेअर लागतं, हे म्हणणं केवळ विक्रेत्याचं कौतुक नव्हतं.

पण खरी अडचण एका छोट्या रकान्यात होती. नग खराब झाला की त्याचं कारण निवडायचं. वाळू, कोअर, थंड धातू, ब्लोहोल, आकसण्याचं छिद्र, साचा सरकणं, आणि शेवटी 'इतर'. एका फौंड्रीत मी वर्षभराची नोंद काढली. सगळ्यात मोठं कारण कुठलं निघालं असेल? 'इतर'.

का? सुपरवायझरनं 'वाळू' लिहिलं तर वाळूवाला भांडायला येणार. 'थंड धातू' लिहिलं तर भट्टीवाला. 'साचा सरकला' लिहिलं तर मोल्डरची बोनसमधून कपात. वहीत होतं तेव्हा तो आकडा पान उलटलं की विसरला जायचा. आता मालकाच्या मोबाइलवर नावानिशी दिसायला लागला. मग शहाणी माणसं काय करणार? ऑफिसातून मला सांगितलं गेलं, की कामगार अडाणी आहेत, त्यांना ट्रेनिंग द्या. मला तरी ते अडाणी वाटले नाहीत.

त्याच फौंड्रीतला एक प्रसंग सांगतो आणि थांबतो. एका पंपाचा भाग पहिल्या पाळीत बरा निघायचा आणि दुसऱ्या पाळीत खराब. धातू एकच, वाळू एकच. सिम्युलेशन म्हणत होतं, एका जाड कोपऱ्यात छिद्र पडणारच, दोन्ही पाळ्यांत. म्हणजे पहिल्या पाळीचा चांगला माल हे संगणकाच्या दृष्टीनं कोडंच होतं. आम्ही क्लासरूम सोडली. फेटलिंगच्या आवारात, कापलेले नग समोर मांडून, पडदा भिंतीला टांगून शिकवायला बसलो. पहिल्या पाळीचे एक मोल्डर, निवृत्तीला आलेले, सगळे त्यांना मामा म्हणायचे, लांब बसले होते. लाल ठिपका दिसल्यावर उठून जवळ आले.

"ह्ये तिथंच गरम ऱ्हातंय व्हय?"

"होय मामा. तुमच्याकडं कसं खराब होत नाही?"

"मी तिथं खिळं टोचतो की. पाच-सहा. लवकर गार व्हतंय."

साच्यात जाड जागी खिळे बसवले की तिथला धातू लवकर निवतो, हे ओतकामातलं जुनं तंत्र आहे. दुसऱ्या पाळीची पोरं नवी होती, बिहार आणि ओडिशातून आलेली. मामांची पाळी सुटली की ती यायची, त्यांची गाठच पडत नव्हती. खिळे ड्रॉइंगवर नव्हते, पॅटर्नवर नव्हते, सॉफ्टवेअरमध्ये तर नव्हतेच. मी विचारलं, इतकी वर्षं कुणाला सांगितलं का नाही? मामा म्हणाले, "कुणी इचारलंच न्हाई. आन् सांगून माझी पाळी दुसऱ्याला गेली असती मग?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं. मालकांशी बोलून दोन गोष्टी झाल्या. कारणाच्या रकान्याचा बोनसशी संबंध तोडला आणि कारणांची नावं शॉपवरच्या लोकांनी स्वतःच्या शब्दांत ठरवली, मराठी आणि हिंदी दोन्हीत. आणि मामांना निवृत्तीनंतर एक वर्ष पगारावर ठेवलं, दुसऱ्या पाळीत शिकवायला. ड्रॉइंगवर आता त्या कोपऱ्यात सहा खिळ्यांची खूण आहे, लांबीसकट. 'इतर' हा रकाना काढून टाकायचा माझा आग्रह होता. मामांनी तो ठेवायला लावला. म्हणाले, "असूं दे. एकादं खरंच ठाऊक नसतंय."

आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतून कुणीतरी हात वर केलाय.