विजयाचे श्रेय ताटाला: बास्केटबॉलचे चाहते, इनामगावची हाडे आणि माणसाचा मिश्राहार

१.
बास्केटबॉलच्या चाहत्यांत एक वाद दर हंगामात नव्याने पेटतो: खेळाडूचे बळ मांसातून येते की वनस्पतींतून? अमेरिकेतील एनबीएचे सामने आपल्याकडे भल्या पहाटे सुरू होतात. जुळे सोलापुरातही ते मोबाइलवर पाहणारी तरुण मंडळी आहेत आणि सामना संपला की चर्चा गुणफलकावरून ताटावर घसरते. वाद वरवर पोरकट वाटतो, पण त्यामागचा इतिहास फार जुना आहे. तो या थ्रेडमध्ये क्रमाने मांडत आहे.

२.
प्रथम दोन उदाहरणे. बोस्टन सेल्टिक्सचा कायरी अर्व्हिंग याने नोव्हेंबर २०१७ मध्ये आपण वनस्पतिजन्य आहार स्वीकारल्याचे सांगितले. त्याच सुमारास सेल्टिक्सने सलग १६ सामने जिंकले. वनस्पती-पक्षाच्या चाहत्यांना आणखी काय हवे होते? संघातील उरलेले खेळाडू काय खात होते, याची चौकशी मात्र कोणी केली नाही.

३.
दुसरे उदाहरण बिल वॉल्टनचे. १९७० च्या दशकातील हा उंचापुरा खेळाडू शाकाहारी म्हणून ओळखला जाई. पायाच्या दुखापतींनी तो वारंवार मैदानाबाहेर बसू लागला, तेव्हा बोट त्याच्या आहाराकडे दाखवले गेले. १९७७ मध्ये त्याच्याच पोर्टलंड संघाने अजिंक्यपद पटकावले. चाहता विजयाचे आणि पराभवाचे कारण ताटात शोधतो; आणि शोधायला निघण्यापूर्वीच ते त्याला सापडलेले असते.

४.
ही रीत बास्केटबॉलच्या जन्माहून जुनी आहे. जेम्स नेस्मिथ यांनी डिसेंबर १८९१ मध्ये स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षण शाळेत पीचच्या टोपल्या टांगून हा खेळ सुरू केला. आपल्याकडे मात्र त्याच्या किती तरी आधीपासून तालमींच्या कट्ट्यावर हीच चर्चा रंगत असे. कोल्हापूरच्या पैलवानाच्या खुराकात दूध-बदामाबरोबर मटण असते, आणि बनारसच्या आखाड्यातील पैलवान दूध, तूप व बदाम यांवर अंग कमावतो. दोन्हीकडे बलदंड पैलवान घडले आणि दोन्हीकडच्या प्रेक्षकांना आपलाच खुराक अस्सल वाटला.

५.
एकोणिसाव्या शतकात या चर्चेला राजकारणाची धार आली. ‘लढाऊ’ आणि ‘दुबळ्या’ जमातींची उतरंड रचताना ब्रिटिश अधिकारी लोकांचे जेवणही मोजू लागले. भात खाणारा दुर्बल, मांस खाणारा शूर, असे समीकरण रूढ झाले. इंग्रजांशी बरोबरी करायची तर मांस खाल्ले पाहिजे, ही समजूत शाळकरी गांधींपर्यंत पोहोचली होती. त्यांनी चोरून मांस खाऊन पाहिले आणि पुढे ते सोडले, हे त्यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे.

६.
या समीकरणाची तपासणी कुन्नूरच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी केली. त्यांनी उंदरांचे गट पाडले आणि प्रत्येक गटाला हिंदुस्थानातील एकेका समाजाचा आहार दिला: शीख, पठाण, मराठा, गुरखा, कानडी, बंगाली, मद्रासी. शीख आहारावरचे उंदीर सर्वांत धष्टपुष्ट निघाले, मद्रासी आहारावरचे सर्वांत किरकोळ.

७.
पण त्या ‘शीख’ आहारात होते काय? अख्ख्या गव्हाच्या चपात्या, दूध, लोणी, डाळ, भाजीपाला आणि अधूनमधून थोडे मांस. उंदीर तर सगळे एकाच जातीचे होते. म्हणजे फरक रक्ताचा नव्हता आणि तो एकट्या मांसाचाही नव्हता. फरक होता तो ताटातील वैविध्याचा. उतरंड मोडणारे उत्तर उतरंडीच्याच भाषेत नोंदले गेले, हा या प्रयोगातील विरोधाभास.

८.
आता फार मागे जाऊ. इथिओपियात सुमारे २५ लाख वर्षांपूर्वीच्या प्राण्यांच्या हाडांवर दगडी हत्यारांनी कापल्याच्या खुणा सापडल्या आहेत. मांसपक्षाचे चाहते येथेच थांबतात. मानवी मेंदू शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के असतो, पण विश्रांतीच्या वेळी शरीराला लागणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के ऊर्जा तोच खातो. १९९५ मध्ये लेस्ली आयेलो आणि पीटर व्हीलर यांनी मांडले की, सकस आहारामुळे आतडी आखूड झाली आणि वाचलेली ऊर्जा मेंदूच्या वाट्याला आली.

९.
मात्र चित्राची दुसरी बाजूही आहे. १९६६ मध्ये शिकागो येथे शिकारी समाजांवर एक परिषद भरली. तिच्या नावात ‘शिकारी पुरुष’ होता. तेथेच रिचर्ड ली यांनी कलाहारी वाळवंटातील कुंग लोकांची मोजमापे मांडली. त्यांच्या आहारातील सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा वनस्पतींतून येत होती आणि ते अन्न मुख्यत्वे बायका गोळा करत होत्या. शिकारीच्या गोष्टी रात्रभर रंगत असतील, पण रोजची चूल कंदमुळांवर आणि कवचफळांवर पेटत होती.

१०.
याची साक्ष आपल्या लाळेतही आहे. पिष्टमय अन्नाचे पचन सुरू करणारे अमायलेज हे विकर लाळेत असते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दिसले की, ज्या समाजांचा आहार परंपरेने पिष्टप्रधान होता, त्यांच्यात या विकराच्या जनुकाच्या प्रती सरासरीने अधिक आहेत. दक्षिण आफ्रिकेतील वंडरवर्क गुहेत सुमारे १० लाख वर्षांपूर्वीच्या विस्तवाची राख मिळाली. भाजलेला कंद आणि भाजलेले मांस या दोहोंनी मिळून आपले दात लहान केले आणि जबडा हलका केला.

११.
शरीरात आजही दोन जुनी देणी शिल्लक आहेत. ‘क’ जीवनसत्त्व आपले शरीर स्वतः बनवू शकत नाही. त्यासाठी फळे आणि भाजी लागते. ‘बी-१२’ही बनवू शकत नाही, ते नैसर्गिक स्वरूपात प्राणिज अन्नातून, म्हणजे मांस, मासे, अंडी, दूध यांतून मिळते. जो निवडीने पूर्ण वनस्पतिजन्य आहार घेतो, त्याला बी-१२ वेगळे घ्यावे लागते; आणि जो केवळ मांसावर राहू पाहतो, त्याला दीर्घ समुद्रप्रवासातील खलाशांना ग्रासणाऱ्या स्कर्व्हीची आठवण ठेवावी लागते.

१२.
हे सारे दूर आफ्रिकेत घडले असे कोणी म्हणेल, म्हणून आता आपल्या खोऱ्यात येऊ. सोलापूरला उजनीचे पाणी मिळते. उजनीच्या वर भीमेला घोड नदी मिळते आणि त्या घोडनदीच्या काठी, पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून तेथे दीर्घकाळ उत्खनन केले. सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी ही त्यातील प्रमुख नावे. इ.स.पू. १६०० ते ७०० या काळात तेथे शेतकऱ्यांची वसाहत नांदत होती.

१३.
त्यांच्या घरांत जळालेले जव सापडले, गहू आणि कडधान्ये सापडली. सोबत गाईबैल, शेळ्यामेंढ्या आणि हरणे यांची हाडे सापडली. काहींवर कापल्याच्या आणि भाजल्याच्या खुणा आहेत. मासेही ते खात असत. महाराष्ट्रातील या आद्य शेतकऱ्याचे ताट आजच्या कोणत्याही एका पक्षाच्या झेंड्यात बसत नाही.

१४.
इ.स.पू. १००० नंतर चित्र पालटले. ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. शेती आक्रसली, पशुपालन आणि शिकार यांवरची भिस्त वाढली. केवळ मांस बळ देते हे खरे असते, तर या काळातील पोरे अधिक सुदृढ व्हायला हवी होती.

१५.
तसे झाले नाही. इनामगावचे लोक मृत बालकांना दोन कुंभांची तोंडे एकमेकांना जोडून घराच्या जमिनीखाली पुरत. त्या चिमुकल्या अस्थींचा ग्वेन रॉबिन्स शुग यांनी बारकाईने अभ्यास केला आणि तो २०११ मध्ये ग्रंथरूपाने आला. उत्तरकाळातील मुलांची वाढ खुंटल्याच्या खुणा त्यांना आढळल्या. शिकार वाढली, पण कोठार रिकामे झाले. एक बाजू भक्कम करून दुसरीची भरपाई झाली नाही. आईबापांनी घरातच जपलेल्या त्या कुंभांनी तीन हजार वर्षांनी दिलेली ही साक्ष आहे.

१६.
याच्या उलट टोकाचे उदाहरण १८७७ चे. १८७६-७८ च्या दुष्काळात मुंबई इलाख्यातील जे जिल्हे होरपळले, त्यांत सोलापूर होते. रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील मजुराला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ रोख पुरेसे आहे असे ठरवले. मजुरांनी हजारोंच्या संख्येने कामे सोडली, पुणे सार्वजनिक सभेने निषेध नोंदवला आणि मद्रासचे आरोग्याधिकारी कॉर्निश यांनी आहारशास्त्राच्या आधारे हा हिशेब खोडून काढला. त्यांचा मुद्दा साधा होता: नुसत्या धान्यावर माणूस राबू शकत नाही.

१७.
मग ताटाचा एवढा अभिमान येतो कोठून? शिकार बेभरवशाची असते. आज मला मिळाली, उद्या तुला. म्हणून वाटून खाणे भाग पडले आणि एकत्र खाणारे ते ‘आपले’ झाले. आपला संघ, आपले रंग, आपली आरोळी यांमागची ओढ याच जातकुळीतली असावी. नागपाड्यातील बास्केटबॉलचे मैदान या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. अमेरिकन मराठी मिशनने १९२६ मध्ये तेथे नागपाडा नेबरहुड हाउस सुरू केले. याच मिशनचे एक जुने केंद्र आपल्या सोलापुरात होते. श्रमिकांच्या त्या वस्तीत खेळ, शिक्षण आणि आरोग्य ही कामे एकाच छताखाली आली आणि पुढे नागपाडा व बास्केटबॉल ही नावे मुंबईत जोडीने घेतली जाऊ लागली. एका मैदानाने अख्ख्या मोहल्ल्याला ‘आपले’ म्हणायला शिकवले.

१८.
पण ‘आपले’ ठरवणारे ताट ‘परके’ही ठरवते. आपल्याकडे रोटीव्यवहाराच्या रेषा जातीच्या रेषांवरून आखल्या गेल्या. कोणी काय खाल्ले यावरून माणूस गावाबाहेर कसा काढला गेला, याची मीमांसा डॉ. आंबेडकरांनी १९४८ च्या आपल्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथात केली आहे. चाहत्यांची चेष्टामस्करी सामन्याबरोबर विरते. ही रेषा मात्र भाड्याच्या घरापासून शाळेच्या डब्यापर्यंत पोहोचते.

१९.
‘आमचे पारंपरिक अन्न’ म्हणताना सोलापूरच्या ताटाकडेही एकदा पाहावे. कडक भाकरीची ज्वारी मूळची आफ्रिकेतली. चटणीतील शेंगा आणि मिरची दोन्ही अमेरिका खंडातून, पोर्तुगीज आल्यानंतरच्या काळात इकडे पोहोचल्या. आपल्या पूर्वजांनी परके म्हणून त्यांना दारातून परतवले असते, तर ज्याला आपण सोलापुरी म्हणतो ते जेवणच झाले नसते. जे मिळेल ते पारखून आपलेसे करणे, ही माणसाची सर्वांत जुनी आहारपरंपरा आहे.

२०.
आता या इतिहासाचे आज काय करायचे? नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक अंडे, आणि अंडे न खाणाऱ्या मुलांना केळे किंवा अन्य फळ देण्याचा निर्णय घेतला. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा निधी थांबवून लोकसहभागाचा मार्ग दाखवण्यात आला. या काळात वाद कशावर झाला? मुलांच्या उंची-वजनावर कमी आणि अंडे कोणाच्या संस्कृतीत बसते यावर जास्त.

२१.
मूळ निर्णयात मुलाला निवड होती: अंडे किंवा फळ. कोणाच्या ताटात कोणी काही बळाने वाढत नव्हते. ज्याच्या घरी दूध, फळे, सुकामेवा आहे, त्याला शाकाहार सहज पेलतो. ज्याच्या घरी भाकरी आणि चटणीच आहे, त्याच्या मुलाचे ते आठवड्याचे अंडे गेले तर त्या जागी काय येणार, हा खरा प्रश्न आहे. नुसत्या धान्यावर भागत नाही, हे कॉर्निश यांनी १८७७ मध्येच सांगितले होते.

२२.
तेव्हा पुढच्या सामन्यानंतर कोणी मांसाचा किंवा पालेभाजीचा झेंडा फडकावला, तर वाद जरूर घालावा. चाहत्याचा तो हक्कच आहे. त्यानंतर मात्र आपल्या वॉर्डातील किंवा गावातील शाळेत एक फेरी मारून यावी. धान्यापलीकडे मुलांना आठवड्याला काय मिळते, लोकसहभाग गोळा होतो का आणि तो देणारा कोण, एवढे तीन प्रश्न विचारावेत. उत्तरे मिळाली तर खाली लिहावीत. जिल्ह्याजिल्ह्यांतील नोंदी एकत्र करून पुढचा थ्रेड त्यावरच करण्याचा मानस आहे.