धरणगावची वखार आणि रायगडचा तह

मेहरूणच्या तलावापासून पश्चिमेला तीस-पस्तीस किलोमीटरवर धरणगाव आहे. आज जळगाव मोठे आणि धरणगाव लहान, पण सतराव्या शतकात चित्र उलटे होते. जळगावला बाजारपेठेचे रूप आले ते एकोणिसाव्या शतकात, अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे खानदेशी कापसाला भाव चढला आणि रेल्वे आली तेव्हा. त्याआधी दोनशे वर्षे व्यापाऱ्यांच्या तोंडी नावे होती ती बऱ्हाणपूर, चोपडा, एरंडोल आणि धरणगाव यांची.

याच धरणगावात १६७४ मध्ये इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीने वखार उघडली. त्याच वर्षीच्या जूनमध्ये रायगडावर कंपनीने शिवाजी महाराजांशी मैत्रीचा तह केला. पुढच्याच वर्षी मराठी फौजेने धरणगाव लुटले आणि त्या लुटीत कंपनीची वखारही गेली. तहाची शाई अजून ताजी होती. मित्राने मित्राची वखार लुटली, असे इंग्रजांचे म्हणणे. शत्रूच्या मुलखातले शहर लुटले, असे रायगडचे म्हणणे. दोन्ही म्हणणी आपापल्या जागी खरी होती, आणि म्हणूनच हे प्रकरण समजून घेण्यासारखे आहे.

आधी वाट पाहू. सुरतेहून बऱ्हाणपूरला जाणारा रस्ता नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा, रावेर असा तापीच्या खोऱ्यातून जात असे. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निए या वाटेने गेला होता. नवापूरच्या तांदळाला कस्तुरीसारखा वास येतो, ही त्याची नोंद प्रसिद्ध आहे. बऱ्हाणपूर म्हणजे मोगलांचे दख्खनेतले मोठे ठाणे, आणि पुढचा रस्ता थेट आग्र्याकडे. १६०१ मध्ये असीरगड पडला तेव्हापासून हा सारा मुलूख मोगलाईत होता. सुरतेच्या बंदरातून जे कापड परदेशी जाई, त्यातला मोठा वाटा अशा आतल्या गावांत विणला जाई. त्यामुळे व्यापाऱ्याला बंदरावर बसून भागत नव्हते. माणूस आणि पैसा घेऊन आत यावे लागे.

या पैशाची रीत ध्यानात घेतली पाहिजे. विणकराला आगाऊ रक्कम द्यायची, तिला दादनी म्हणत. मध्ये दलाल असे. तो सूत-कापडाची पारख करी, जामीन राही आणि ठरल्या मुदतीत माल वखारीत आणवी. म्हणजे वखारीतल्या गाठोड्यांइतकाच पैसा बाहेर घरोघरच्या मागांवर अडकलेला असे. गाव लुटले की गाठोडी जातात हे उघडच आहे. पण विणकर पळाला, दलाल बुडाला, की दादनीही जाते, आणि ती कोणत्याही यादीत नीट मांडता येत नाही.

आता रायगडाकडे वळू. इंग्रज आणि महाराज यांचे भांडण जुने होते. १६६० मध्ये पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा असताना राजापूरच्या वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन तोफ आणि दारूगोळा घेऊन वेढ्यात गेला आणि इंग्रजी निशाण लावून त्याने गडावर गोळे डागले. व्यापारी म्हणवणाऱ्याने युद्धात हात घातला होता. १६६१ मध्ये महाराजांनी राजापूर गाठले, वखार खणून लुटली आणि रेव्हिंग्टनसह इंग्रजांना कैद केले. रेव्हिंग्टन आजारी पडल्याने आधी सुटला, बाकीचे १६६३ च्या सुरुवातीला. त्यानंतर दहा-बारा वर्षे इंग्रजांच्या प्रत्येक बोलण्यात एकच विषय असे: राजापूरची भरपाई.

मग इंग्रज तरीही तहाला का आले? याचे उत्तर मुंबईत आहे. १६६८ मध्ये इंग्लंडच्या राजाने मुंबई बेट वर्षाला दहा पौंड भाड्याने कंपनीला दिले आणि कंपनी एकाएकी महाराजांची शेजारी झाली. बेटावर ना पुरेसे धान्य पिकत होते, ना जळण मिळत होते. समोरचा किनारा, पेण आणि नागोठण्याच्या खाड्या, वर कल्याण-भिवंडी, हे सारे स्वराज्यात. ठाणे आणि साष्टी पोर्तुगीजांकडे, आणि ते खाडीतून जाणाऱ्या मुंबईच्या मालावर जकात उकळत. चुलीतल्या लाकडापासून घाटावरच्या कापडापर्यंत मुंबईला जे लागे ते शेजाऱ्याच्या परवानगीने येई. मुंबईचा गव्हर्नर जेराल्ड आँजियर याला हे पुरते कळले होते. महाराजांनाही समुद्राकडून तोफा, दारूगोळा, तांबे हवे होते, आणि जंजिऱ्याच्या सिद्दीला मुंबईचा आसरा मिळू नये ही तर मुख्य गरज होती.

आँजियरचे वकील १६७२ पासून रायगडाच्या वाटेवर होते. शेवटी हेन्री ऑक्झेंडन राज्याभिषेकाच्या तोंडावर गडावर पोहोचला आणि ६ जून १६७४ च्या सोहळ्यानंतर काही दिवसांत तह झाला. ऑक्झेंडनने भर दरबारात काय पाहिले याची वर्णने बहुतेकांनी वाचलेली असतात. त्याच्या बस्त्यातली कलमे मात्र फारसे कोणी वाचत नाही. खरी राज्यकर्त्याची दृष्टी तिथे दिसते.

राजापूरची भरपाई दहा हजार होन ठरली, पण रोख नव्हे. इंग्रजांनी तीन वर्षे दरसाल पाच हजार होनांचा माल, म्हणजे नारळ, सुपारी आदी, महाराजांकडून घ्यायचा आणि निम्मीच किंमत द्यायची. उरलेली रक्कम राजापूरच्या जकातीतून वळती व्हायची. भरपाई देतानाच गिऱ्हाईक बांधून घेण्याची ही युक्ती होती. राजापूर, दाभोळ, चौल, कल्याण येथे वखारी घालण्यास मुभा मिळाली आणि जकात अडीच टक्के ठरली. दोन मागण्यांवर मात्र आक्षेप आला. वादळाने किनाऱ्याला लागलेली गलबते परत द्यावीत, ही पहिली. त्यावर उत्तर असे की कोकणचा रिवाज तसा नाही, आणि इंग्रजांना ही सवलत दिली तर फ्रेंच, डच आणि इतर सारेच मागतील. दुसरी मागणी कंपनीचे नाणे स्वराज्यात चालावे, ही. नाण्यात धातूचा कस असेल तर लोक आपणच घेतील, हुकमाची गरज काय, असा जबाबाचा आशय. आजच्या कोणत्याही व्यापारमंत्र्याला हे उत्तर शोभून दिसेल.

अशी दृष्टी एकदाच दिसली असे नाही. १६७१ मध्ये कुडाळ प्रांतीच्या नरहरी आनंदराव यांना लिहिलेल्या पत्रात महाराजांनी बारदेशातून, म्हणजे पोर्तुगीज मुलखातून, येणाऱ्या स्वस्त मिठावर जबर जकात बसवण्याचा हुकूम दिला आहे. उद्देश हा की आपल्या बंदरातले मीठ पडून राहू नये. पोर्तुगीजांशी तेव्हा उघड युद्ध नव्हते. तरी शेजाऱ्याच्या स्वस्त मालाने आपला उत्पादक बुडत असेल तर मैत्री बाजूला ठेवावी लागते, हा हिशेब त्यात आहे. २०२३ मध्ये पोलंडने नेमका हाच हिशेब केला. रशियाविरुद्धच्या युद्धात युक्रेनला रणगाडे देणाऱ्या पोलंडने त्याच युक्रेनच्या धान्याची आयात थांबवली, कारण स्वस्त धान्याने पोलिश शेतकरी रस्त्यावर आला होता; युक्रेनने त्याविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत तक्रारही नेली.

रायगडच्या तहाची दुखरी बाजू वेगळी होती. तह दोघांत झाला, पण तिसरा पक्ष सगळीकडे हजर होता: मोगल. कंपनीचे मुख्य ठाणे सुरत, तिथला सारा धंदा बादशहाच्या फर्मानावर चाललेला. त्यामुळे बादशहाच्या वतीने लढणारे सिद्दीचे आरमार पावसाळ्यात मुंबई बंदरात विसावायला आले की त्याला हाकलण्याची इंग्रजांची छाती होत नसे. तेच आरमार पुढे समोरच्या मराठी किनाऱ्यावर उतरून गावे जाळी आणि माणसे पळवी. ऑक्झेंडनने सिद्दीशी समेटाची गोष्ट काढली तेव्हा निराजीपंतांनी ती पुढे रेटू नये असेच त्याला सुचवले. म्हणजे ज्या प्रश्नावर दोघांचे खरे वैर होते, तो तहाबाहेर राहिला.

धरणगाव याच फटीत सापडले. तहाने इंग्रजांना अभय दिले ते स्वराज्याच्या हद्दीत. धरणगाव मोगलाईत, आणि खानदेश तर मोगलांशी चाललेल्या युद्धाचे रणांगण. १६७० च्या अखेरीस प्रतापराव गुजर इकडे उतरले तेव्हा गावोगावच्या पाटलांकडून चौथाई देण्याचे लेखी करार घेतले गेले. पैसे भरले की पावती, आणि पावती असेल त्या गावाला लुटीपासून अभय. मोगलांचा महसूल वेगळा भरायचाच. खानदेशच्या शेतकऱ्याने या काळात दोन सत्तांना पैसे दिले, हे विजयाच्या कथेत सहसा येत नाही. मराठी फौजेच्या दृष्टीने पाहिले तर बाजारपेठ लुटणे हा बादशहाच्या महसुलावरचा घाव होता. त्या पेठेत कोणाची गाठोडी पडली आहेत, हे स्वाराने विचारायचे कशाला? इंग्रजांच्या बाजूने पाहिले तर हे त्यांना नवे नव्हते. १६७३ मध्ये हुबळी लुटली गेली तेव्हाही त्यांच्या वखारीचे सुमारे आठ हजार होनांचे नुकसान झाल्याचा त्यांचा दावा होता, आणि तो रायगडाने मान्य केला नव्हता. पण हुबळी तहापूर्वीची. धरणगाव तहानंतरचे.

१६७५ मध्येच सॅम्युएल ऑस्टिन हा वकील भरपाई मागायला रायगडावर गेला. भरपाई मिळाली नाही: धरणगाव शत्रूच्या मुलखात, तिथल्या नुकसानीला महाराज बांधील नाहीत. पुढे इंग्रजांच्या वखारींना त्रास होऊ नये असा कौल तेवढा मिळाला. कायद्याच्या अंगाने रायगडचे म्हणणे बिनतोड होते. जो शेजारी शत्रूच्या बाजारात नफा कमावतो, त्याने शत्रूच्या बाजाराचा धोकाही सोसावा. सिद्दीला मुंबईत थारा देताना इंग्रज स्वतःला तटस्थ म्हणवत होते. धरणगावात त्यांना मित्र म्हणून वागणूक हवी होती. दोन्ही एकदम मिळणे कठीणच.

कौलाचा उपयोग बेताचाच झाला. १६७९ मध्ये मराठी फौजांनी धरणगाव पुन्हा लुटले, शेजारचे चोपडाही लुटले. त्याच वर्षी मुंबईच्या तोंडावरचे खांदेरी बेट महाराजांनी तटबंदी करायला घेतले आणि उरलीसुरली मैत्री समुद्रात बुडाली. सप्टेंबरच्या पहिल्या चकमकीत इंग्रजांचा लेफ्टनंट थॉर्प मारला गेला. ऑक्टोबरच्या लढाईत दौलतखानाच्या आरमाराने ‘डोव्ह’ हे इंग्रजी जहाज पकडले. पुढे सिद्दीचे आरमार इंग्रजांच्या मदतीला आले. पाच वर्षांपूर्वीच्या तहातला मित्र आता त्याच सिद्दीच्या शेजारी उभा राहून लढत होता. इकडे कल्याण-भिवंडीला मराठी फौज जमू लागली तशी मुंबईची पाचावर धारण बसली. सुरतेच्या कौन्सिलला या लढाईचा खर्च परवडत नव्हता. १६८० च्या आरंभी समेट झाला आणि खांदेरी मराठ्यांकडेच राहिली. राजापूरची भरपाई तोवरही पुरती चुकती झालेली नव्हती.

या सगळ्यात धरणगावचा विणकर कुठे होता? तहाच्या कलमांत नाही, कारण तह इंग्रजांचा होता. कौलात नाही, कारण कौल वखारीला होता. कंपनीने आपल्या नुकसानीचा आकडा मांडला, वकील पाठवला, वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. विणकराचे सूत गेले तर त्याने कोणत्या गडाची पायरी चढायची? बऱ्हाणपूरच्या सुभेदाराला त्याचे रक्षण करता आले नव्हते, आणि स्वराज्याचा तो रयत नव्हता. त्याच्या डोक्यावर मात्र दलालाची दादनी तशीच उभी होती.

१६८१ च्या सुरुवातीला संभाजी महाराजांनी बऱ्हाणपूरची पेठ लुटली. १६८५ मध्ये धरणगाव पुन्हा लुटले आणि जाळले गेले. त्यानंतर १८१८ मध्ये खानदेश कंपनीच्या ताब्यात आला, आणि १८२५ मध्ये जेम्स औट्राम या कंपनीच्याच अधिकाऱ्याने भिल्ल पलटण उभारली ती धरणगावात.