बांगडा, तारली खरंच संपत चाललेत का? समुद्रातले मासे मोजतात तरी कसे?

दौंड-शिरूरकडच्या माणसाला मासा म्हटलं की आधी भीमा आणि उजनी आठवते. चिलापी, कटला, रोहू. कटला-रोहूचं मत्स्यबीज धरणात सोडलं जातं, त्यामुळे निदान किती पेरलं याची नोंद तरी असते. पण बाजारात शेजारीच बर्फातला बांगडा असतो. तो येतो अरबी समुद्रातून. तिथे बीज कुणी सोडत नाही आणि धरणासारखी भिंतही नाही.

त्यात दर एक-दोन वर्षांनी मोबाईलवर मेसेज फिरतो, "बांगडा संपला", "तारली आता फोटोतच बघा". मग पुढच्याच हंगामात तारलीचा ढीग लागल्याचा व्हिडीओ येतो. नेमकं खरं काय? आणि पाण्याखालचे मासे मोजतात तरी कसे?

आधी हे मासे वेगळे का, ते बघू

बांगडा आणि तारली हे समुद्राच्या वरच्या थरात थव्याने फिरणारे छोटे मासे. प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, हे त्यांचं खाणं. सुरमई, कुपा असे मोठे मासे यांच्यावर जगतात.

यांचं आयुष्य छोटं असतं. तारली जेमतेम दोन-अडीच वर्षं जगते आणि वर्षभराच्या आतच अंडी घालण्याजोगी होते. त्यामुळे एखादा पावसाळा चांगला गेला की साठा झपाट्याने वाढतो आणि वाईट गेला की तितक्याच झपाट्याने कोसळतो. पन्नास वर्षं जगणाऱ्या माशाला एक वाईट वर्ष पचतं. तारलीला नाही पचत.

पहिली चूक : कमी मासे उतरले म्हणजे समुद्रात मासे कमी

२०१९ मध्ये महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर २.०१ लाख टन मासे उतरले. त्याआधीच्या वर्षी हा आकडा २.९५ लाख टन होता. ४५ वर्षांतला नीचांक अशा बातम्या झाल्या. आकडा खरा होता. पण त्या वर्षी 'क्यार' आणि 'महा' ही चक्रीवादळं ऐन हंगामात आली आणि होड्या बंदरातच उभ्या राहिल्या. जाळं टाकलंच नाही तर मासा येणार कुठून?

म्हणून अभ्यासक नुसते टन बघत नाहीत. किती होड्या गेल्या, किती तास जाळं टाकलं, आणि त्या मेहनतीमागे किती मासा मिळाला, हे बघतात. समजा गेल्या वर्षी एका फेरीला १०० किलो मिळत होते आणि यंदा तेवढ्याच फेरीला ६० किलो मिळाले, तर शंका घ्यायला जागा आहे.

दुसरी चूक : जाळं भरलं म्हणजे सगळं ठीक

थव्याने राहणाऱ्या माशांची इथेच गोम आहे. साठा निम्मा झाला तरी उरलेले मासे पांगत नाहीत, एकत्रच राहतात. सोनार लावलेली पर्ससीन होडी तो थवा शोधून काढते आणि जाळं पूर्वीसारखंच भरतं. आकडे छान दिसत राहतात आणि एक दिवस थवाच सापडत नाही.

पेरूमध्ये अँकोव्हीचं थोडंफार असंच झालं. १९७० मध्ये तिथे १ कोटी २० लाख टनांच्या आसपास मासा काढला. १९७२ ला एल निनो आला, मासेमारी जोरातच होती, आणि १९७३ मध्ये आकडा २० लाख टनांच्याही खाली गेला.

मग मोजतात कसं?

भारतात हे काम मुख्यतः केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था (सीएमएफआरआय) करते. १९४७ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेचं मुख्यालय कोचीला आहे. पद्धत साधारण अशी :

१. बंदरावरची नोंद. प्रत्येक होडी मोजणं शक्य नाही. म्हणून ठरावीक पद्धतीने बंदरं, दिवस आणि होड्या निवडून नमुने घेतात. त्यावरून एकूण आकड्याचा अंदाज काढतात.

२. लांबी मोजणे. थंड देशांत माशाच्या कानातल्या खड्यावरच्या कड्या मोजून वय कळतं, झाडाच्या खोडासारखं. आपल्या उष्ण समुद्रात या कड्या तितक्या स्पष्ट नसतात. म्हणून शेकडो माशांची लांबी महिनोन्महिने मोजतात आणि एक पिढी कशी वाढत जाते, ते पकडतात.

३. पोट उघडून बघणे. अंडाशय किती भरलंय, यावरून मासा किती लांबीला प्रौढ होतो ते समजतं. तारलीचं हे माप साधारण १५ सेंमी, बांगड्याचं १८ ते २० सेंमीच्या आसपास.

४. मेले कशाने, याचा हिशोब. समजा १०० मासे मेले. त्यातले ४० जाळ्यात गेले आणि ६० नैसर्गिकरीत्या, म्हणजे मोठ्या माशांच्या पोटात किंवा रोगाने. मग मासेमारीचा वाटा ०.४. बराच काळ ०.५ ही सीमा मानली जायची. १९९२ मध्ये पॅटरसन या अभ्यासकाने दाखवलं की छोट्या थवेवाल्या माशांसाठी ०.४ च्या पुढे गेलं की साठा घसरू लागतो.

शेवटी दोन प्रश्न उरतात. अंडी घालणारे मासे पुरेसे शिल्लक आहेत का? आणि सध्याची मासेमारी झेपेल इतकीच आहे का? दोन्हीला 'हो' असेल तर साठा निरोगी. मासे कमी आहेत पण मासेमारीही कमी केलीय, तर साठा सावरतोय. दोन्हीला 'नाही' असेल तर धोका.

२०२२ च्या आढाव्यात सीएमएफआरआयने देशभरातले १३५ साठे तपासले. त्यातले ९१.१ टक्के निरोगी निघाले. म्हणजे "सगळा समुद्र रिकामा झाला" हे खरं नाही. पण ही सरासरी आहे. तुमच्या ताटातला मासा उरलेल्या ९ टक्क्यांतला असू शकतो.

केरळच्या तारलीने काय शिकवलं?

२०१२ मध्ये केरळात जवळपास ४ लाख टन तारली उतरली. २०२१ मध्ये फक्त ३,२९७ टन. १९९४ नंतरचा हा नीचांक. २०२३ मध्ये परत १.३८ लाख टन. यात एल निनो, पाण्याचं तापमान, पाऊस यांचा मोठा हात आहे, सगळं खापर मच्छीमारांवर फोडता येत नाही. पण हवामान वाईट असताना पिल्लंही जाळ्यात गेली तर साठा सावरायला उशीर लागतो. हवामान आपल्या हातात नाही, जाळं आहे.

नियम काय सांगतात?

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी असते. हा काळ अनेक माशांच्या प्रजननाचा. महाराष्ट्राने ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध आणले. २०१७ मध्ये केंद्राने एलईडी दिवे लावून मासेमारी करायला बंदी घातली. २०२३ मध्ये राज्याने ५४ प्रजातींसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवला.

यात खरी झळ बसते ती पारंपरिक मच्छीमाराला. साठ्याचा अंदाज चुकीचा निघाला, तर एकतर त्याची चूल विनाकारण बंद राहते, नाहीतर दोन वर्षांनी त्याचं जाळं रिकामं येतं.

तर पुढच्या वेळी मेसेज आला की…

तीन गोष्टी विचारा. हा आकडा एका वर्षाचा आहे की अनेक वर्षांचा? त्या वर्षी होड्या किती दिवस समुद्रात होत्या? आणि पकडलेले मासे केवढे होते? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तर शिरूरच्या बाजारातही मिळेल. बांगडा विकत घेताना वीतभर आहे का, एवढं बघा. वीतभर बांगड्याने एकदा तरी अंडी घातली असण्याची शक्यता जास्त. बोटाएवढा असेल, तर त्याला ती संधीच मिळालेली नाही.