खापराची साक्ष

गेल्या हिवाळ्यांत आमचा एक विद्यार्थी सुटीहून परतला, तो एक खापर घेऊन. गांवच्या पांढरीची माती ट्रॅक्टरनें शेतांत आणून टाकली होती, तींत तें त्याला सांपडलें. तांबूस अंग, त्यावर काळ्या तिरप्या रेघा, आणि वाजविलें असतां धातूसारखा स्वच्छ नाद. "सर, हें किती जुनें असेल?" त्यानें विचारलें. तीन हजार वर्षांचें असावें, असें आम्हीं सांगतांच त्याचा चेहरा उजळला. परंतु "हें कोणाच्या घरांतलें?" या त्याच्या दुसऱ्या प्रश्नास आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. तें कां देतां आलें नाहीं, हें वाचकांपुढें मांडावें असें वाटतें.

सोनें वितळवितात, तांबें पुन्हां ओततात, लांकूड कुजतें. खापर मात्र कोणी उचलीत नाहीं, आणि तें मातींत कुजतही नाहीं. शिवाय मडकें लौकर फुटतें, वारंवार नवें घडवावें लागतें. म्हणून त्याची घडण पिढीगणिक थोडथोडी पालटते. जें टिकतें आणि तरीही बदलतें, त्याहून चांगला कालदर्शक कोणता?

हें मर्म जाणणाऱ्यांत सर फ्लिंडर्स पेट्री हे अग्रणी होत. इ. स. १८९४-९५ मध्यें ईजिप्तांतील नकादा येथें त्यांनीं राजवंशांच्याही पूर्वींचीं असंख्य थडगीं उकरलीं. त्यांवर ना नांव, ना शक. पेट्री यांनीं सुमारें ९०० थडग्यांतील भांड्यांची नोंद निरनिराळ्या पट्ट्यांवर केली आणि त्या पट्ट्या साम्याप्रमाणें लावीत गेले. कांहीं घटांना धरावयास नागमोडी मूठ होती. पुढें ती निरुपयोगी झाली आणि अखेरीस नुसती एक रेघ उरली. त्या मुठीच्या ऱ्हासानें काळाचा क्रम सांगितला. क्रमांक त्यांनीं ३० पासून दिले. आधींचे अंक पुढें सांपडणाऱ्या जुन्या वस्तूंसाठीं मोकळे ठेविले. विद्वत्तेंतील असा विनय विरळाच!

आपल्या महाराष्ट्राचा प्राचीन इतिहास पूर्वीं सातवाहनांपासून सुरू होई, कारण लेख व नाणीं तेथवरच नेत. इ. स. १९५०-५१ मध्यें संगमनेरजवळ, प्रवरेच्या कांठीं, जोर्वे येथें डॉ. हसमुख सांकळिया व डॉ. शां. भा. देव यांनीं उत्खनन केलें. तेथील तांबड्या, काळ्या नक्षीच्या, तोटीच्या भांड्यांवरून एका संपूर्ण संस्कृतीस त्या लहानशा गांवाचें नांव मिळालें. पुढें पुणें जिल्ह्यांत घोड नदीकांठच्या इनामगांवीं डेक्कन कॉलेजनें १९६८ पासून अनेक हंगाम खोदकाम केलें, तेव्हां त्या लोकांचा संसारच उजेडांत आला. कर्बमापनानें या संस्कृतीचा काळ इ. स. पूर्वीं सुमारें १४०० ते ७०० असा ठरला. खालच्या थरांत चौकोनी प्रशस्त घरें व सुबक भांडीं. वरच्या थरांत गोल लहान झोंपड्या व ओबडधोबड भांडीं. पाऊसमान घटून शेती खालावली, असें संशोधकांनीं त्यावरून अनुमान केलें.

परंतु इनामगांवची सर्वांत हृदयस्पर्शी साक्ष निराळीच आहे. तेथें मृत बालकांस दोन कुंभांत, तोंडास तोंड लावून, घराच्याच जमिनीखालीं पुरीत. तीं भांडीं वेगवेगळीं उचलून दिवाणखान्यांत ठेविलीं, तर तीं केवळ दोन जुनीं मडकीं होत. ज्या स्थितींत तीं होतीं, त्या स्थितींत पाहिलीं म्हणजे आपलें मूल घराबाहेर जाऊं नये असें वाटणाऱ्या आईबापांची आठवण झाल्यावांचून राहात नाहीं.

यावरून आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचा उलगडा होतो. त्याच्या खापराचा काळ आम्ही घडणीवरून सांगूं शकलों. पण तें चुलीजवळ होतें कीं धान्याच्या बळदाशीं, कीं एखाद्या बालकाच्या अस्थींजवळ, हें सांगणारी माती शेतभर विखुरली होती. साक्षीदार हातीं होता, पण त्याची वाचा गेली होती. खापर राजांचीं नांवें सांगत नाहीं. तें घडविणाऱ्यांची भाषा वा जातही त्यावरून ठरवूं नये. जें सांगतें, तेंही आपल्या थरांत असेतोंच.

पांढरीची माती पिकास चांगली, धाब्यासही चांगली; तेव्हां शेतकऱ्यास दोष देणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. ती माती म्हणजे आपल्या पूर्वजांचें दप्तर आहे, हें त्यास समजावून सांगण्याचें काम आपण शिकलेल्या लोकांनीं केलें नाहीं, हा दोष आपला. आमच्या विद्यार्थ्यानें तें खापर जेथें सांपडलें त्या शेताची व पांढरीची नोंद करून ठेविली आहे, आणि पुढच्या सुटींत तो गांवच्या शाळेंत यावर बोलणार आहे. राजांचे ताम्रपट जपणारे पुष्कळ आहेत. ज्यांना ताम्रपट लाभले नाहींत, त्यांचीं खापरें तरी जागच्या जागीं राहूं द्यावींत.